शाळा सांभाळून क्लास

जोडधंदा म्हटलं की लोक अजूनही कोंबड्या आणि म्हशींपाशीच अडतात. कोंबडीला रोग येतो, म्हैस आटते, दुधाचा भाव डेअरीवाला ठरवतो. नोकरीला धक्का न लावता करता येईल, ज्याला भांडवल लागणार नाही आणि ज्याचं गिऱ्हाईक रोज सकाळी युनिफॉर्म घालून स्वतः हजेरी देईल, असा धंदा एकच आहे : अनुदानित शाळेतल्या सरांचा खासगी क्लास. त्यात उतरू पाहणाऱ्या होतकरू गुरुजनांसाठी हे जाहीर मार्गदर्शन.

सुरुवात कायद्यापासून करू. शिक्षकाने खासगी शिकवणी घेऊ नये, असं शिक्षण हक्क कायदा, 2009 चं कलम 28 सांगतं. कलम जेमतेम एका ओळीचं आहे; वाचायला सोपं आणि विसरायला त्याहून सोपं. त्यातून हा कायदा पहिली ते आठवीपुरता. नववीत गेलेलं मूल त्या कलमाच्या वेशीबाहेर पडतं आणि वेशीबाहेर आपला क्लास उभाच असतो. सेवाशर्तींचं काय, असं कुणी खोदून विचारलं तर पाटीवर मिसेसचं नाव असल्याचं दाखवावं. शॉप अ‍ॅक्ट त्यांच्या नावावर, मोबाइल त्यांचा, भिंतीवरचा क्यूआर कोडही त्यांचाच. सर संध्याकाळी पाच ते नऊ आपल्याच घरी असतात. त्या वेळी घरात साठ मुलं असतात, त्याला सर काय करणार?

आता खरं कौशल्य. शाळेत किती शिकवायचं? अजिबात शिकवलं नाही तर पालक हेडमास्तरांकडे जातात. सगळं शिकवलं तर क्लासला कुत्रंही फिरकत नाही. म्हणून प्रमेयाची आकृती फळ्यावर काढावी, पक्ष लिहावा, साध्य लिहावं, सिद्धतेच्या दोन ओळी टाकाव्यात आणि तेवढ्यात घंटा होऊ द्यावी. ‘उरलेलं नंतर बघू.’ कुठे बघू, हे सांगायची गरज पडत नाही. शाळेचा तास हा क्लासचा ट्रेलर असतो आणि ट्रेलरचा खर्च सरकार करतं, तोही सातव्या वेतन आयोगाने.

तरीही काही पालक दाद देत नाहीत. ‘आमचा पोरगा घरीच करतो,’ म्हणतात. त्यांच्यासाठी अंतर्गत मूल्यमापन आहे. दहावीच्या भाषांच्या पेपरात 80 गुण बोर्डाचे आणि 20 गुण शाळेचे, म्हणजे पर्यायाने आपले. या 20 गुणांची ताकद सरकारने एकदा अजमावून पाहिली आहे. 2019 च्या परीक्षेत भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण काढून घेतले आणि राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या 89.41 टक्क्यांवरून 77.10 वर आला. ओरड झाली. गुण परत मिळाले आणि 2020 चा निकाल 95.30 टक्के लागला. एवढं शस्त्र हाती असताना धमकी देण्याइतकं खाली उतरू नये. पालकसभेत नुसतं ‘तोंडी परीक्षा जवळ आली बरं का’ म्हणावं. मायमाउली दुसऱ्या दिवशी पाकीट घेऊन येते.

निकाल लागला की चौकात फ्लेक्स लावावा : ‘यशाची उज्ज्वल परंपरा’. वर स्थानिक आमदार, मध्ये सर, खाली पोरांचे पासपोर्ट फोटो. एकच हुशार मुलगी तीन फ्लेक्सवर तीन वेगवेगळ्या क्लासची ‘घडवलेली विद्यार्थिनी’ म्हणून हसत असली तरी घाबरू नये. तिघांनी मिळून घडवली, म्हणूनच एवढी चांगली घडली.

शासनाच्या नियमांची भीती बाळगू नये, अभ्यास करावा. केंद्राने जानेवारी 2024 मध्ये कोचिंग सेंटरसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या : सोळा वर्षांखालच्यांना प्रवेश नको, गुणांची हमी नको, प्रत्येक मुलाला निदान एक चौरस मीटर जागा हवी. वाचून छातीत धस्स होतं, कारण आपली अर्धी बॅच जिन्यात बसते. पण पुढे वाचत राहावं. कोचिंग सेंटर कुणाला म्हणायचं? जिथे पन्नासपेक्षा जास्त मुलं आहेत त्याला. सकाळची पन्नास मिसेसच्या नावावर, संध्याकाळची पन्नास मेहुण्याच्या. कुटुंबव्यवस्था टिकली पाहिजे, असं आपण मूल्यशिक्षणात शिकवतो ते उगीच नाही. जीएसटीचंही तसंच. क्लासच्या फीवर 18 टक्के कर आहे, पण वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर नोंदणी लागत नाही. रोख फीला एक चांगली सवय असते. ती वर्षानुवर्षं 20 लाखांच्या आतच राहते.

या धंद्यात स्पर्धक एकच आणि तो त्रासदायक आहे. पलीकडच्या गल्लीत विनाअनुदानित शाळेतला एक तरुण मास्तर पत्र्याच्या खोलीत क्लास घेतो. बीएड झालेला, टीईटी पास झालेला, शाळेला अनुदान मिळेल या आशेवर केस पिकत चाललेला. अनुदानित शाळेत शिक्षणसेवक म्हणून लागला असता तर 2023 पासून वाढलेलं 18 हजारांचं मानधन तरी मिळालं असतं. त्याला संस्था देईल तेवढं आणि देईल तेव्हा. घर क्लासच्या फीवर चालतं. त्याच्या बाबतीत शाळा हाच जोडधंदा आहे. त्यामुळे तो क्लासमध्ये सगळंच शिकवतो आणि वेड्यासारखा शाळेतही सगळंच शिकवतो. त्याची फी आपल्या निम्मी, पाटीवर नाव मात्र त्याचं स्वतःचं; मिसेसच्या नावावर धंदा लावायला आधी लग्न जमावं लागतं. अशांमुळे पेशाची बदनामी होते. कलम 28 ची आठवण ठेवून त्याच्याविरुद्ध शिक्षणाधिकाऱ्यांकडे निनावी अर्ज करावा. कायदा असतो तो वापरण्यासाठी.

शेवटचा सल्ला निवृत्तीचा. नोकरी अठ्ठावन्नाव्या वर्षी संपते, क्लास संपत नाही. निरोप समारंभात शाल, श्रीफळ घ्यावं, डोळे पुसावेत आणि सांगावं, ‘आता नोकरीतून मोकळा झालो. यापुढे पूर्ण वेळ शिकवण्यालाच देणार आहे.’ सभागृहात टाळ्यांचा कडकडाट होईल. मग आजवर काय करत होतात, असं विचारण्याइतकी अक्कल एखाद्या पोराला सुचलीच, तर समजावं, हा पलीकडच्या गल्लीत जातो.