पंडरीचा पंचनामा

3 डिसेंबर 2025 च्या रात्री नवा रायपूरच्या शहीद वीर नारायण सिंह स्टेडियमवर भारताने 358 धावा केल्या आणि तरी दक्षिण आफ्रिकेने चार चेंडू राखून सामना नेला. दुसऱ्या दिवशी रायपुरात पंडरीच्या कापड बाजारात बोहनीआधी गुन्हेगार सापडणं भाग होतं.

पहिला नंबर नाण्याचा. 2023 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यापासून एकदिवसीय सामन्यांत ही सलग विसावी नाणेफेक गेली. ‘सिक्का ही खोटा है,’ गल्ल्यावरून निकाल आला. नोट उजेडाला धरून बघणाऱ्या माणसाचं मत, त्यामुळे त्याला वजन होतं. पण एका जुन्या गिऱ्हाइकाने हरकत घेतली. जानेवारी 2023 मध्ये याच मैदानावर रोहित शर्मा नाणेफेक जिंकला आणि काय घ्यायचं तेच विसरला होता. न्यूझीलंड 108 वर गारद! म्हणजे रायपुरात कर्णधाराने डोकं घरी ठेवून आलेलं बरं.

मग दव. चेंडू ओला होतो, कुलदीपच्या बोटांतून निसटतो, सगळं खरं. पण दव उलटून बोलत नाही, त्यामुळे भांडण रंगेना. कुणीतरी विजेवर घसरलं. डिसेंबर 2023 मध्ये स्टेडियमचं 3 कोटी 16 लाखांचं बिल थकलेलं, जनरेटर लावून सामना झाला आणि ऑस्ट्रेलियाला आपण 20 धावांनी हरवलं. उधारीशिवाय बरकत नाही, हे बाजाराला नव्याने पटवून द्यावं लागलं नाही.

माणसांची पाळी आली तेव्हा खरी गर्दी जमली. जाडेजाच्या 27 चेंडूंत 24 धावा का? प्रसिद्ध कृष्णाने 85 धावा कुणाच्या सांगण्यावरून दिल्या? गंभीर तर हजर नसतानाच दोषी. प्रशिक्षकाचा तोच पगार असतो.

चौबे कॉलनीतले आमचे एक काका तिथेच होते. काकू शालू निवडत होत्या, त्यामुळे काकांना वेळच वेळ. त्यांची भूमिका एकच: ऋतुराजला हात लावायचा नाही. 83 चेंडूंत 105, पहिलं एकदिवसीय शतक, पुण्याचा पोरगा.

‘और वो जयस्वाल? मार्करम का कैच किसने छोड़ा?’

मार्करम तेव्हा 53 वर होता, पुढे 110 केल्या. काका जराही डगमगले नाहीत. ‘वो मुंबई का है. रणजी में मुंबई अलग, महाराष्ट्र अलग.’

संयुक्त महाराष्ट्रासाठी 106 हुतात्मे झाले; पंडरीत साडीच्या काउंटरवर मुंबई एका कॅचवर सोडली गेली.

तीन दिवसांनी विशाखापट्टणमला राहुलने नाणेफेक जिंकली, भारत नऊ गडी राखून जिंकला आणि जयस्वालने नाबाद 116 केल्या. काका फॉल-बिडिंगची साडी न्यायला आले, ते पेढे घेऊनच. ‘अपना लड़का है,’ ते दुकानदाराला म्हणाले, ‘मराठी मिट्टी में बना.’