लिंकनाना

जवाहर चौकात पुराचं पाणी शिरायला लागलं की राजापूरचे व्यापारी माल माळ्यावर चढवतात. लिंकनाना मोबाइल हातात घेतात. अर्जुना-कोदवलीचं पाणी पहिल्या पायरीला लागायच्या आत ग्रुपवर त्यांची लिंक येते : 'मोबाइलसाठी वॉटरप्रूफ पाऊच, 40 टक्के सूट.' शेजारचे आजोबा गेले, तेव्हा 'भावपूर्ण श्रद्धांजली'च्या पाठोपाठ पितळी समईची लिंक आली होती. नानांच्या मनात वाईट काही नव्हतं. समई लागणारच होती.

निवृत्तीनंतर मुंबईच्या भाच्याने त्यांना हा धंदा शिकवला. लिंकच्या शेपटाला नानांचा कोड असतो. त्या वाटेने जाऊन कोणी काही घेतलं, की ऑनलाइन दुकान नानांना शेकडा दोन-चार रुपये देतं. घेणाऱ्याला भाव तोच. मात्र वाटेत दुसऱ्याच्या लिंकवर बोट लागता कामा नये. बहुतेक ठिकाणी शेवटची लिंक ज्याची, कमिशन त्याचं. म्हणून नाना लिंक पाठवून थांबत नाहीत, दारात येऊन उभे राहतात. "उघड. आता खाली जा. इकडेतिकडे बोट लावू नको मेल्या!"

आपल्याच लिंकवरून आपणच घेतलेला माल कमिशनला धरत नाहीत, हे नानांना सहा पंचे मागवल्यावर कळलं. राजापुरी पंच्याच्या गावात कुरियरने पंचे! नानी अजून त्या पंच्यांनी ओटा पुसतात.

नानांचा खरा जीव 'फ्री ट्रायल'वर. तिथे शेकड्याचा हिशोब नाही. माणूस अडकवला की ठरलेली रक्कम. मलाही त्यांनी गळ घातली : "एक रुपयात सात दिवस सिनेमे बघ. रुपयाला हल्ली कोथिंबिरीची काडी येत नाही." मी रुपया दिला, पिन टाकला. त्याच पिनने मी ऑटोपेलाही परवानगी दिली होती, पण ते इतक्या बारीक अक्षरात होतं की वाचायला चष्म्याचीही ट्रायल घ्यावी लागली असती. सहाव्या दिवशी ॲप पुसून टाकलं नि निर्धास्त झोपलो. आठव्या दिवशी खात्यातून 399 रुपये गेले. ॲप पुसल्याने परवानगी मोडत नाही. यूपीआयच्या ॲपमध्ये ऑटोपे शोधून ती तिथे रद्द करावी लागते. पैसे कापायच्या आधी नियमाप्रमाणे सूचना आली होती. नानांची लिंक समजून मी ती वाचलीच नाही.

भांडायला गेलो. म्हटलं, "केंद्र सरकारने 30 नोव्हेंबर 2023ला असल्या फसव्या मांडणीचे 13 प्रकार नावानिशी जाहीर केलेत. सबस्क्रिप्शनचा सापळा त्यातलाच!"

"तेराच?" नानांनी कुतूहलाने विचारलं. मग पाट पुढे सरकवला. "बस. ट्रायल राजापूरला नवी नाही. 1660 साली इथल्या वखारीतले इंग्रज पन्हाळ्याला गेले नि सिद्दी जौहरच्या बाजूने गडावर तोफगोळे उडवून आले. पुढच्याच वर्षी महाराजांनी वखार लुटून बिल वसूल केलं. साहेब कैदेत."

"मग त्यावरून काही शिकावं की नाही, नाना?"

"शिकलो ना. त्यांनी गोळे स्वतः उडवले. मी फक्त लिंक देतो."

पुढे गंगा आली. जवळच्या उन्हाळे गावच्या झऱ्याची ही गंगा न सांगता येते खरी, पण आपली आपण जातेही. तिला कुठल्या ॲपमध्ये शिरून रद्द करावं लागत नाही. 14 कुंडांवर गर्दी झाली आणि नानांनी गंगेच्या फोटोखाली तांब्याच्या गडूची लिंक टाकली. त्यांच्या कमिशनचे 940 रुपये साठले होते. हजार झाल्याशिवाय कंपनी देत नाही. मला दया आली. गडू मागवला.

संध्याकाळी नाना दारात.

"गडू घेतलास ना?"

"घेतला की."

"मग माझ्याकडे दिसत कसा नाही?"

मला आठवलं. झाकणाचा गडू मिळतो का बघायला मी मध्येच दुसरीकडे शिरलो होतो.

"नाना," मी चाचरत म्हटलं, "आमच्या मेव्हणीलाही हल्ली कोड मिळालाय."