ओटीपी आला आणि हे डावीकडे वळले

वहिनी, कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्या काकांचं कळलं का? नाही? मग ती कढीपत्त्याची पिशवी ठेवा कठड्यावर आणि ऐका. परवा कर्वेनगरला मुंज होती ना, तिथे हे दोघं पोचले ते पंगती उठल्यावर. मुलानं काकांना पंच्याहत्तरीचं स्मार्ट घड्याळ दिलंय. फोन डिकीत टाकायचा, मनगटाला थरथर जाणवली की वळायचं, असं शिकवून गेला. काका शब्दाला पक्के. थरथरलं की वळायचे. इकडे नात घरी बसून आजोबांच्या कार्डावर काहीतरी मागवत होती. ओटीपी आला, हे डावीकडे वळले. 'पार्सल निघालं' असा मेसेज आला, हे पुन्हा डावीकडे. काकू मागून ओरडतायत, अहो, हे कमिन्स कॉलेज आपण मघाशीच बघितलं!

हसताय काय? काकांचा त्यात काय दोष? त्या तसल्या दोन-तीन हजारांच्या घड्याळात नकाशा नसतोच मुळी. फोनमधला नकाशा सूचना धाडतो, ती घड्याळावर येऊन पडते, आणि दुधाच्या बिलाचा मेसेजही तिथेच येऊन पडतो. थरथर दोन्हींची एकच. खोक्यावर ठळक अक्षरांत जीपीएस छापलेलं असतं, पण खाली बारीक टाइपात बघा, जागा सांगायचं काम जोडलेल्या फोनचं असतं. फोन घरी विसरला की ती नुसती बांगडी. हल्ली काही देशी घड्याळांत मॅपल्सचे बाण यायला लागलेत म्हणे. मॅपल्स म्हणजे आपली ती मॅपमायइंडिया, १९९५ पासून भारताचे नकाशे करतेय. बाण दिसला तर निदान बँक कुठली आणि वळण कुठलं एवढं तरी कळेल.

आमच्या सुनेचं ॲपलचं आहे. त्यात त्यांचा स्वतःचा नकाशा. तो वळणाच्या आधी सूर देतो. आधी खालचा मग वरचा, तर उजवीकडे. आधी वरचा मग खालचा, तर डावीकडे. मी म्हटलं, अगं, गौरी-गणपतीच्या खरेदीला लक्ष्मी रोडवर तुझे सूर ऐकणार कोण? तर म्हणे, आई, मनगटावर टिचक्यापण मारतं, तेवढ्या पुरतात. मी संशय धरूनच होते. एक दिवस बांधलं आणि निघाले ॲक्टिवा घेऊन. तुम्हाला सांगते वहिनी, पुरतात.

आणि मला त्यातली गोम तेव्हा कळली. आपण कशा जातो? डोळ्यांपर्यंत स्कार्फ, वर सनकोट, हातात ते कोपरापर्यंतचे मोजे. घड्याळ कुठंय? तीन थरांच्या आत! त्याची काच किती उजळ, नकाशा किती रंगीत, याला जाळायचंय का? पावसाळ्यात रेनकोट. बाही वर केली तर काच भिजते, आणि भिजलेल्या काचेला बोट कळत नाही. म्हणून बाजूला फिरवायची चावी किंवा बटणं हवीत. ॲपलला चावी आहे, सॅमसंगच्या क्लासिकला गोल फिरणारी कड, गार्मिनला बटणंच बटणं. पण खरं काम टिचकीचं. दुकानातली ती मुलं काचच दाखवत बसतात.

गूगल का नको? अहो, नको कोण म्हणतंय. ॲपलच्या नकाशानं आपल्याकडे वळणं सांगायला सुरुवात केली २०१८ मध्ये, आता आता. अमक्या मंगल कार्यालयाची मागची गल्ली, तमक्या वाड्याच्या जागी झालेली इमारत, हे गूगललाच विचारावं. पण इथे एक मजा आहे, ती कुणी सांगत नाही. गूगल तेच, पण घड्याळ बदललं की त्याची वागणूक बदलते. ॲपलच्या घड्याळावर ते पाहुण्यासारखंच राहतं. २०१७ मध्ये काढून घेतलं होतं, तीन वर्षांनी परत आणलं. घर, ऑफिस अशी साठवलेली ठिकाणं सोडली तर रस्ता फोनवर सुरू करायचा आणि घड्याळानं मागून वाचून दाखवायचा. तेच सॅमसंगच्या सिमवाल्या घड्याळात फोनशिवाय चालतं, आणि २०२४ पासून फोनवर उतरवून घेतलेला नकाशा घड्याळातही ठेवता येतो. म्हणजे 'गूगल मॅप्स चालतं का हो?' असं विचारलंत तर दोन्ही दुकानदार 'हो' म्हणणार, आणि दोघंही खरं बोलणार!

चांदणी चौकात मात्र मी कुठल्याच घड्याळाचं ऐकत नाही. २०२२ च्या ऑक्टोबरात तो जुना पूल स्फोट करून पाडला, आठवतंय ना, अख्खं पुणं रात्री जागं होतं. पुढच्या ऑगस्टात नवा सुरू झाला, आणि आता तिथे इतके रॅम्प आहेत की मुळशीला जायचं असलेला माणूस मुंबईच्या वाटेला लागतो. घड्याळ सांगणार, किंचित डावीकडे. अहो, पण कुठलं डावीकडे? पुलावरचं का पुलाखालचं? एवढ्याशा बाणात ते मावत नाही. फोनवर मॅपल्स अशा चौकाचं चित्रच काढून दाखवतं, ही लेन धरा म्हणून. तिथे फोनच बरा, हँडलच्या होल्डरमध्ये. पोलिसाची भीती नाही. १ ऑक्टोबर २०२० पासून नियमातच आलंय की फोन फक्त रस्ता बघायला वापरता येईल, लक्ष विचलित न होऊ देता. फोन कानाला लावलात तर मात्र पावती.

पेठांमध्ये वेगळीच कटकट. घड्याळ म्हणतं तुम्ही शनिवारात, आणि आपण उभे नारायणात. भाचा सांगत होता, उपग्रहाचा संदेश उंच इमारतींवर आपटून फिरून येतो, मग घड्याळाला वाटतं आपण पलीकडच्या गल्लीत आहोत. महागड्या घड्याळांत आता दोन लहरी ऐकतात, एल-वन आणि एल-फाइव्ह. ॲपलच्या अल्ट्रात २०२२ पासून, सॅमसंगच्या वॉच सेव्हनमध्ये २०२४ पासून. आपल्या इस्रोचं नाविक आहे ना, ते सुरुवातीला एल-फाइव्ह आणि एस या लहरींवरच होतं, आणि लहानसहान उपकरणांतल्या चिपा ऐकतात एल-वन. म्हणून २९ मे २०२३ ला जो उपग्रह सोडला, एनव्हीएस-०१, त्यात एल-वन घातलं. अंगावर घालायच्या उपकरणांना सोयीचं व्हावं म्हणून. तेव्हा टीव्हीवर सगळे टाळ्या वाजवत होते, पण हे कुणी धड समजावलं नाही.

हो हो, भाच्याचं सांगते. त्याचं प्रकरण निराळंच. तो जातो ते के टू एस, कात्रजच्या जुन्या बोगद्यापासून सिंहगडापर्यंत, तेरा टेकड्या, पौर्णिमेच्या आसपास, रात्रीचं. आईला सांगतो, मित्राकडे अभ्यासाला जातोय. तिला सगळं माहीत आहे, बुटांची माती कोण धुतं? तर तिथे गूगल काय कामाचं? गूगलला डांबर लागतं. टेकडीच्या धारेवरून पायवाट कुठे उतरते, कुठे घसारा आहे, हे त्याच्या नकाशात कुठलं? ही पोरं ओपनस्ट्रीटमॅप वापरतात. २००४ मध्ये इंग्लंडात सुरू झालेला, लोकांनीच भरत नेलेला. कुणीतरी ट्रेकर चालून आला की वाट चढवतो, दुसरा दुरुस्त करतो. त्यावर उभी असलेली ॲप्स आहेत. कोमूट आहे, पॉट्सडॅमची जर्मन मंडळी. २०२५ मध्ये इटलीच्या बेंडिंग स्पून्सनं विकत घेतली आणि बऱ्याच लोकांना घरी पाठवलं, तेव्हापासून भाच्याचा मूड गेलाय. ॲपलच्या घड्याळासाठी वर्कआउटडोअर्स नावाचं आहे, एकदाच पैसे मोजायचे, आणि नकाशा घड्याळात उतरवून ठेवता येतो. फोन बॅगेत तळाशी बंद पडलेला असला तरी अडत नाही. आधी कुणीतरी चालून आलेल्या वाटेची फाइल घ्यायची, ती रेघ घड्याळात दिसते, रेघ सोडलीत की थरथर.

आणि ती थरथर तिथे लाखमोलाची, वहिनी. रात्री बॅटरीच्या उजेडात ढोरवाट आणि माणसांची वाट सारखीच दिसते. ढोरवाट छान रुंद असते, म्हणून सगळे तिच्यावरच जातात, आणि ती जाऊन थांबते चाऱ्याच्या उतारावर, खाली दरी. असाच एक गट मध्यरात्री उतारावर अडकला. सगळ्यांच्या फोनमध्ये ॲप्स होती, रेंज कुणाच्याच नव्हती, आणि नकाशा उतरवून ठेवायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. भाच्याच्या घड्याळानं त्यांना वर आणलं. गार्मिनचं जुनं, नकाशाबिकाशा काही नाही, काळ्या पडद्यावर नुसती रेघ. रेघेला धरून चढले. ॲपलच्या होकायंत्रातपण हल्ली आल्या वाटेनं परत नेणारी सोय आहे, बॅकट्रॅक म्हणतात. पण ट्रेकवाले तिच्यावर जीव टाकत नाहीत, कारण चार्जिंग. ॲपल बऱ्याच मॉडेलांना १८ तास सांगत आलंय, ते दिवसभराच्या साध्या वापराचे. जीपीएस सतत चालू ठेवलं तर निम्मेही मिळत नाहीत. अल्ट्रा जास्त टिकतं, पण त्या किमतीत आमच्या स्वयंपाकघराची फरशी बदलून होईल.

तुमचं म्हणाल तर, तुम्हाला डोंगरात जायचं नाही, गुडघे तयार नाहीत. तुम्हाला भाजी, बँक, भिशी आणि मंगल कार्यालयं. तेव्हा नकाशावर पैसे घालवू नका. दुकानात गेलात की आधी मुलाला फोनचं नेट बंद करायला सांगा आणि मग म्हणा, आता दाखव रस्ता. चेहऱ्यावरून कळेल. मग दुसरं, वळणाची टिचकी आणि मेसेजची टिचकी वेगळी लागते का ते बघा. सारखीच लागत असेल तर स्कूटरवर निघताना बाकीचे मेसेज बंद ठेवायचे, नाहीतर तुम्हीही कमिन्स कॉलेज बघून याल.

नवं कशाला, असं म्हणत असाल तर भाचा ते गार्मिन विकतोय. त्याला अल्ट्रा हवंय, आईला अजून माहीत नाही, तुम्ही बोलू नका. मी त्याला सांगते तुमच्यासाठी कमी कर म्हणून. पट्टा तेवढा बदलून घ्या, कात्रजचा घाम आहे त्यात.