केटलबंदी

सकाळचा पहिला कप पोटात जाईपर्यंत माणसाने कोणालाही तोंड दाखवू नये, असं माझं जुनं मत आहे. वीज मंडळाच्या नोकरीत ते पाळता आलं नाही, कारण फीडर ट्रिप व्हायचे ते नेमके पहाटे. निवृत्तीनंतर मात्र मी ते कसोशीने पाळलं. कप येतो तेव्हा मी बनियनवर असतो, केस उभे असतात, आणि सोसायटीच्या सेक्रेटरीचा फोन वाजला तरी तो माझ्यासाठी वाजत नाही.

अमेरिकेत लेकीकडे गेलो असताना तिने हौसेने आम्हा दोघांना क्रूझवर पाठवलं. न्यू जर्सीतल्या बेयोनच्या धक्क्यावरून बोट सुटते, स्वातंत्र्यदेवीला लांबून हात करत खुल्या समुद्राला लागते आणि थेट बर्म्युडाला जाते. बोट कसली, एक अख्खा वॉर्ड होता. तीन हजारांवर उतारू. घसरायला बर्फाची रिंक, चढायला खोटा डोंगर, बुडायला कॅसिनो, आणि रात्री दोन वाजता भूक लागलीच तर पिझ्झा. एवढ्या पसाऱ्यात पेलाभर पाणी खोलीत तापवायची सोय मात्र नाही.

“बाबा, वर बुफेत चोवीस तास कॉफी असते,” लेक म्हणाली.

“वर म्हणजे?”

“अकराव्या मजल्यावर. तुम्ही सातव्यावर आहात.”

“म्हणजे पॅंट घालावी लागणार.”

लेकीने या वाक्याकडे दुर्लक्ष केलं. तिची पिढी गाडी चालवत, ऑफिसला जाताजाता कॉफी पिते. तिला यातली वेदना कळणं कठीण आहे.

आमचे लाड अमेरिकेतल्या हॉटेलांनीच करून ठेवले होते. नायगाऱ्याच्या वाटेवरच्या साध्यातल्या साध्या हॉटेलातही टीव्हीशेजारी ते काळं कॉफीयंत्र बसलेलं असतं. हे ठिबकणारं यंत्र अमेरिकेत घरोघरी पोचवलं ते १९७२ साली आलेल्या ‘मिस्टर कॉफी’ने. त्याची जाहिरात जो डिमॅजिओ करायचा. तिथला हा बेसबॉलचा देव. आपल्याकडे तो मेरिलिन मन्रोचा एके काळचा नवरा म्हणूनच माहीत. यंत्राची गंमत अशी, की त्यात पंप नसतो. तळाशी तापणारी नळी आणि पाणी मागे जाऊ न देणारी छोटीशी झडप, एवढंच. नळीतलं पाणी उकळलं की वाफेचे बुडबुडे वरच्या पाण्याला ढकलत नेतात आणि ते कॉफीच्या पुडीवर गळतं. कोट्यवधीची उपकरणं सांभाळलेला मी, या पंधरा-वीस डॉलरच्या डब्यासमोर स्टूल ओढून बसायचो.

बायकोला त्या बुडबुड्यांत रस नव्हता. तिने पहिल्याच हॉटेलात कागदी गाळणीत कॉफीऐवजी आपली चहा पावडर आणि ठेचलेलं आलं घातलं. चहाला उकळी नाही म्हणून ती नाराज होती, पण आयता, अंथरुणात, बनियनवर मिळाल्यामुळे मी खूश होतो. आमच्यानंतर त्या खोलीत उतरलेल्या अमेरिकन माणसाच्या कॉफीला आल्याचा वास आला असेल. त्याने तक्रार केली की पाककृती मागितली, देव जाणे.

बोटीवर तेही यंत्र नाही म्हटल्यावर बायकोने पुण्याहून आणलेली इलेक्ट्रिक केटल बॅगेत भरली. साडीत गुंडाळून, चिवड्याच्या डब्याला टेकवून. मी तिला कंपनीच्या संकेतस्थळावरची यादी वाचून दाखवली: इस्त्री, मेणबत्ती, केटल, कॉफीयंत्र, सर्ज प्रोटेक्टर असलेली एक्स्टेंशन बोर्डं, सगळ्याला बंदी. ती म्हणाली, “साडीतून दिसतंय होय!”

क्ष-किरणांना साडी दिसत नाही, केटल दिसते.

दुपारी सगळ्यांच्या बॅगा खोल्यांच्या दारात आल्या, आमची आली नाही. त्याऐवजी खालच्या एका खोलीत हजर राहण्याची सूचना आली. त्या खोलीला क्रूझवाले लाडाने ‘नॉटी रूम’ म्हणतात. खोडकर बॅगा तिथे डांबून ठेवलेल्या असतात आणि मालकाने येऊन आपल्या हाताने कुलूप उघडायचं असतं. पुढे उभ्या असलेल्या आजीबाईंकडे प्रवासी इस्त्री निघाली. एका तरुणाकडे माउथवॉशची मोठी बाटली होती. सुरक्षा अधिकाऱ्याने झाकण उघडून नुसता वास घेतला आणि दोघेही हसले. व्होडकात हिरवा रंग घालायची ही युक्ती एवढी जुनी आहे, की ती पकडताना अधिकाऱ्यालाही कंटाळा येत असावा. आमची केटल निघाली तेव्हा मात्र तो गंभीर झाला. चिठ्ठी लावली, पावती दिली, शेवटच्या दिवशी परत मिळेल म्हणाला. चिवडा त्याने परत दिला. नाही म्हटलं तरी बायकोला त्याचाच जास्त अपमान वाटला. “हुंगलासुद्धा नाही हो!”

आता माझी खरी अडचण सांगतो. बायकोच्या बाजूने भांडावं, तर मला त्या अधिकाऱ्याचं म्हणणं शंभर टक्के पटलेलं होतं. समुद्रात आग लागली तर अग्निशमन दल म्हणजे बोटीवरचेच खलाशी आणि पळून जायची जागा म्हणजे अटलांटिक. १९६५च्या नोव्हेंबरात मायामीहून नासाऊला निघालेली ‘यार्मथ कॅसल’ भर रात्री पेटली आणि ९० माणसं गेली. त्यानंतर प्रवासी बोटींचे आगीचे नियम कडक झाले. २००६ साली ‘स्टार प्रिन्सेस’वर बाल्कनीतून सुरू झालेली आग शंभराहून जास्त खोल्यांना झळ लावून गेली. कारण बहुधा सिगारेटचं एक थोटूक, असं चौकशीत निघालं. थोटूक जर एवढं करतं, तर कुणाच्या मावशीने वीस वर्षांपूर्वी लग्नात दिलेली, वायर दोनदा चिकटपट्टीने गुंडाळलेली केटल काय करेल?

सर्ज प्रोटेक्टरचं कारण तर फारच सुंदर आहे. घरात न्यूट्रल जमिनीला जोडलेला असतो. बोटीला जमीनच नाही, त्यामुळे तिथली वायरिंगची पद्धत वेगळी, आणि घरगुती सर्ज प्रोटेक्टर तिथे स्वतःच तापू शकतो. हे मी बायकोला आडवं पडून, सविस्तर, आकृतीसकट समजावलं. ती भिंतीकडे तोंड करून झोपली.

विजेच्या टंचाईचं कारण मात्र कुणी सांगितलं तर मानू नका. दीड हजार खोल्यांत दीड-दीड किलोवॉटच्या केटल एकदम लागल्या तरी होतात सव्वादोन मेगावॉट. एवढ्या मोठ्या बोटीची जनित्रं दहा-दहांच्या हिशोबात मेगावॉट पैदा करतात आणि त्यातली बरीचशी पंखे फिरवायला घालवतात. सकाळी सातच्या चहाचा पीक लोड ती हसत उचलतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीतून आरोळी आली.

“अहो! इथे आपलं करंट आहे!”

खरंच होतं. टेबलाच्या वर एकशेदहा व्होल्टचं अमेरिकन सॉकेट, आणि त्याला लागूनच दोन गोल भोकांचं दोनशेवीसवालं. लेकीच्या घरी हीच केटल एकशेदहावर लावली तेव्हा ती रुसली होती. व्होल्टेज निम्मं झालं की पॉवर चौथाई होते, तेव्हा दीड हजार वॉटची बाई पावणेचारशेवर आली आणि पाणी तापायला चौपट वेळ लागला. बायकोने त्याबद्दल अमेरिकेला दोष दिला होता. आणि आता, महिनाभर ज्याची वाट पाहिली ते हक्काचं व्होल्टेज समोर होतं, अडॅप्टर पर्समध्ये होता, आणि केटल सहा मजले खाली अटकेत.

यात अन्याय नाही असं मी म्हणत नाही. ब्रिटिश कंपन्यांच्या, म्हणजे पी अँड ओ आणि क्युनार्डच्या बोटींवर खोलीत केटल असतेच. इंग्रज माणूस तिच्याशिवाय बंदर सोडत नाही. नॉर्वेजियन कंपनीने बऱ्याच बोटींवर वर्षानुवर्षं ते ठिबकयंत्र खोल्यांत ठेवलं. आणि कित्येक बोटींच्या वरच्या मजल्यावरच्या महागड्या स्वीटमध्ये तर चकचकीत एस्प्रेसो मशीन असतं, कॅप्सूलवालं. म्हणजे आगीला इंग्रज चालतो, श्रीमंत चालतो, सातव्या मजल्यावरचा पेन्शनर तेवढा चालत नाही. तांत्रिक उत्तर मला माहीत आहे: कंपनीने तपासलेलं, आपोआप बंद होणारं यंत्र वेगळं आणि उतारूने घरून आणलेलं वेगळं. पण मग तपासलेलं यंत्र आम्हाला का नाही, याचं उत्तर खाली प्रोमेनाडवरच्या कॉफीच्या दुकानात मिळतं. २०१० साली ‘अल्यूर ऑफ द सीज’वर स्टारबक्स चढलं, समुद्रावरचं पहिलंच. ज्या बोटीवर लाटे विकायची असते, त्या बोटीवर खोलीत गरम पाणी फुकट कोण ठेवील?

तेव्हा रोज पहाटे माझी स्वारी निघायची. आधी दात, मग दाढी, मग इस्त्री नसलेला शर्ट. बोटीच्या बोळाला शेवट दिसत नाही. दोन्ही बाजूंना एकसारखी दारं, आणि एखाद्या अनुभवी उतारूने दारावर चिकटवलेलं रंगीत चुंबक. खोल्यांच्या भिंती पोलादाच्या, त्यामुळे चुंबकाचे आकडे लावून टोप्या टांगायची सोय होते, ही माहिती मला लिफ्टमध्ये एका टेक्सासच्या गृहस्थाने पहिल्या कपाआधी दिली. पहिल्या कपाआधी मला बर्म्युडातल्या हवामानाची, त्यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची आणि त्यांच्या तीन नातवंडांचीही माहिती मिळाली. अमेरिकन माणूस सकाळी सहाला “हाउ आर यू” विचारतो आणि उत्तराची वाट पाहत थांबतो. मी नुसती मान हलवायचो. त्यांना वाटायचं, भारतीय ध्यानधारणेतला काहीतरी प्रकार असावा.

अकराव्या मजल्यावरची कॉफी गरम असायची, याहून तिच्याबद्दल चांगलं बोलवत नाही. खाऱ्या पाण्याचं गोडं केलेलं, त्यात पातळ दूध, आणि मशीनमधून कॉफी-अर्काची धार. झाकण लावलेले दोन कप घेऊन परतताना बोट जराशी जरी कलली, तरी मी गोविंदाच्या वरच्या थरासारखा भिंतीला टेकायचो.

मग खोलीसेवेच्या कार्डाचा शोध लागला. रात्री दाराच्या मुठीला अडकवायचं, वेळेच्या चौकटीत खूण करायची, सकाळी थर्मास दारात. बायकोने रेग्युलर, डीकॅफ, टी, सगळं ओलांडून समासात इंग्रजीत लिहिलं, ‘दूध, गरम, जास्त’ आणि ‘गरम’खाली तीन रेघा मारल्या. आलं ते कागदी डब्यातलं थंडगार दूध. ती ट्रे आणणाऱ्या पोऱ्याला समजावू लागली, तोच तो म्हणाला, “आंटी, तुमी मराठी?”

केप्याचा होता. गोव्यात घरटी नाही तरी वाड्यावर एक तरी माणूस बोटीवर असतोच. तिथे त्याला तारवटी म्हणतात आणि लग्नाच्या बाजारात अजून बरा भाव असतो. बायकोने केटल सोडवून आणण्याची गोष्ट हळूच काढली. त्याने कानाला हात लावले. “रूल म्हळ्यार रूल, आंटी. नोकरी वचत.” पण दुसऱ्या दिवसापासून ट्रेवर एक जास्तीचा छोटा थर्मास येऊ लागला, उकळत्या दुधाचा. बायकोच्या पर्समध्ये इन्स्टंट कॉफीच्या पुड्या होत्याच. कॉफी फर्मास झाली. एकच राहिलं: तो थर्मास घ्यायला दार उघडावं लागे, म्हणजे पॅंट आलीच, आणि केप्याचा तो गुणी पोरगा रोज पाच मिनिटं उभा राहून घरची चौकशी करी.

बर्म्युडाबद्दल लोक विचारतात. छान आहे. ब्रिटिशांचा मुलूख, गुलाबी छटेची वाळू, साहेब लोक गुडघ्यापर्यंत मोजे आणि वर हाफपॅंट घालून ऑफिसला जातात. बायकोला वाटलं होतं की साहेबाचं राज्य म्हणजे दोनशेतीस व्होल्ट असणार. तिथे एकशेवीस आहेत.

शेवटच्या दिवशी जप्त वस्तू परत करायचं टेबल लागलं. दहा-बारा केटल ओळीत उभ्या, त्यांतली एक हुबेहूब आमच्यासारखी. तिच्यावर हात ठेवून एक बाई म्हणाल्या, “ही तुमची का आमची?” बाणेरच्या निघाल्या. दोघींनी आपापल्या केटल कशात गुंडाळल्या होत्या याची देवाणघेवाण केली (त्यांनी नऊवारीत, तेवढीच जाड), अधिकाऱ्यावर एकमत झालं, आणि मग बायकोने सहज विचारलं, “तुमची खोली कुठे होती?”

“वर, स्वीटमध्ये. मुलाने हट्टच धरला.”

“मग तुम्हाला कॉफीचं मशीन असेल की!”

“होतं ना. पण त्याला काय करायचंय, कडू काढा नुसता! बीचवरून आलं की हे त्यावर ओले मोजे वाळत घालायचे. मस्त खडखडीत व्हायचे हो.”