कागद आत, माणसं बाहेर

लेखिका ग्लोरिया अन्झाल्दुआला डॉक्टरेट मिळाली २००५ साली. ती गेली त्याच्या आदल्या वर्षीच्या मे महिन्यात, मधुमेहाने, वयाच्या ६१व्या वर्षी. सांताक्रूझच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने मरणोत्तर पदवी दिली, ते योग्यच केलं. पण ही बाई पीएच.डी. करायला सत्तरच्या दशकातच ऑस्टिनला, टेक्सास विद्यापीठात आली होती. मग एवढी वर्षं का लागली, हे विचारायलाच हवं.

जन्म १९४२चा, दक्षिण टेक्सासातल्या रिओ ग्रान्देच्या खोऱ्यात, मेक्सिकोच्या सीमेलगत. घरची शेतमजुरी. शाळेत मधल्या सुट्टीत स्पॅनिश बोलताना सापडली म्हणून बोटांच्या पेरांवर पट्टीचे तीन फटके बसले. कॉलेजात तिच्यासारख्या मेक्सिकन वंशाच्या मुलांना उच्चार घालवण्यासाठी दोन वर्ग सक्तीचे होते. इंग्रजी त्यांना येतच होतं. खुपत होतं ते त्या इंग्रजीतून ऐकू येणारं गाव. ऑस्टिनला तिला चिकानो, म्हणजे मेक्सिकन वंशाच्या अमेरिकनांच्या साहित्यावर प्रबंध लिहायचा होता, तर हा काही प्रबंधाचा विषय नव्हे, असं तिला ऐकवलं गेलं. १९७७मध्ये ती कॅलिफोर्नियाला निघून गेली.

आणि मग तिने तो विषयच उभा केला. १९८१ला चेरी मोरागाबरोबर ‘दिस ब्रिज कॉल्ड माय बॅक’ हे संकलन, १९८७ला ‘बॉर्डरलँड्स’. इंग्रजीत लिहिता लिहिता मध्येच स्पॅनिश, आणि त्याचा अर्थ बरेचदा सांगायचाच नाही. आपण लेस्बियन आहोत हे तिने गोऱ्या स्त्रीवाद्यांना ऐकवलं, आणि स्वतःच्या समाजालाही. दुसरं जास्त अवघड होतं. आज चिकाना, म्हणजे चिकानो स्त्रियांचा अभ्यास असो की क्वीअर अभ्यास, तिचं पुस्तक टाळून कुणाला पुढे जाता येत नाही.

तिचे कागद आज कुठे आहेत? ऑस्टिनलाच. त्याच विद्यापीठाच्या बेन्सन संग्रहात, हस्तलिखितं, पत्रं, टिपणं, सगळं नीट जपलेलं. याबद्दल माझी तक्रार नाही, जपलेच पाहिजेत.

तक्रार पुढची आहे. १ जानेवारी २०२४पासून टेक्सासात एसबी १७ हा कायदा लागू झाला. सरकारी विद्यापीठांतली विविधता आणि समतेची कार्यालयं बंद. ऑस्टिनमधल्या लिंगभाव आणि लैंगिकता केंद्राचं आधी नाव बदललं, मग काही महिन्यांत ते केंद्रच बंद झालं. वर्गातलं शिकवणं आणि संशोधन मात्र या कायद्यातून वगळलेलं आहे. म्हणजे अन्झाल्दुआवर निबंध लिहिता येईल, तिचे खर्डे मागवून वाचता येतील. पण तिच्याच खोऱ्यातून आलेली, घरी काही सांगू न शकणारी एखादी मुलगी ज्या दारावर टकटक करायची, ते दार गेलं.

अशा मुली थोड्या नाहीत. पदवीच्या विद्यार्थ्यांत किमान २५ टक्के हिस्पॅनिक असले की अमेरिकेत त्या संस्थेला वेगळा दर्जा मिळतो. ऑस्टिनने तो आकडा २०२०च्या सुमारास ओलांडला. त्या दर्जावर मिळणाऱ्या निधीचा मोठा हिस्सा २०२५च्या सप्टेंबरात केंद्रीय शिक्षण खात्याने थांबवला. प्रवेश मिळाला म्हणजे समता आली, असं मानणाऱ्यांनी पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला विचारावं, पहिल्या सहामाहीत तो कुणाच्या आधाराने तगला. बहुतेक वेळा उत्तर एका खोलीचं असतं. चहा, जुना सोफा, आणि ‘कुठून आलीस गं?’ असं विचारणारं कुणीतरी. अन्झाल्दुआला ती खोली मिळाली नाही. नंतरच्या मुलांना मिळाली, ती भांडून मिळाली होती.

ती खोली पुन्हा उघडणं एकट्या विद्यापीठाच्या हातात नाही. कायदा बदलावा लागेल. तो करणारं विधिमंडळही ऑस्टिनमध्येच आहे, बेन्सन संग्रहापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर.