सांगून ठेवणारे काका

भयकथेत एक माणूस हमखास असतो. बंगल्याचा म्हातारा माळी, जुन्या बाजारातला दुकानदार, नाहीतर लष्करातून परतलेला कुणी पाहुणा. तो नायकाला म्हणतो, "ती वस्तू घेऊ नका." नायक हसतो, वस्तू घेतो आणि पुढची शंभर पानं त्याचे हाल कुत्रा खात नाही. इशारा देणारा माणूस मात्र तिसऱ्या पानावर जो कथेतून बाहेर पडतो, तो पुन्हा दिसत नाही. त्याचं पुढे काय होतं, त्याचा चरितार्थ कशावर चालतो, बायको त्याला काय म्हणते, याची चौकशी आजवर एकाही लेखकाने केलेली नाही. माझ्या माहितीप्रमाणे तो डोंबिवलीत राहतो, विमा कंपनीतून निवृत्त झालेला आहे आणि नात्यागोत्यात कुणी जुनी वस्तू विकत घेतली की त्याच दिवशी चहाच्या वेळेला हजर होतो.

काका म्हणजे एक व्यक्ती नव्हे, जात आहे. तुमच्याकडे ते मामा असतील, माझ्याकडे काका आहेत. खूण एकच, सगळ्या बोलण्याच्या शेवटी "मी आपलं सांगून ठेवतो." हा सल्ला नसतो, कारण सल्ला ऐकावा अशी अपेक्षा असते. काकांची तशी काही अपेक्षा नाही. उलट, तुम्ही ऐकलंत तर त्यांची पंचाईतच होईल. त्यांना फक्त नोंद हवी असते. अमुक दिवशी, चार साक्षीदारांसमोर, सदर आरामखुर्चीबाबत पूर्वसूचना देण्यात आली होती. प्रस्ताव-अर्जात जे दडवलं त्याचा क्लेम मिळत नाही, हे तत्त्व नोकरीत हाडात मुरलेलं. ते निवृत्तीबरोबर कार्यालयात जमा करायचं राहून गेलं.

अशी माणसं भित्री असतात, हा एक गैरसमज. भित्रा माणूस असल्या वस्तूच्या वाऱ्याला उभा राहत नाही. काका तिला चारी बाजूंनी हात लावतात, खण उघडून आत नाक घालतात, तळाला टकटक करून कान देतात, आणि मग हात धुऊन दोन बिस्किटं जास्त खातात.

वाचन दांडगं. नारायण धारप सगळे, रत्नाकर मतकरींच्या गूढकथा सगळ्या, शिवाय 'हंस' आणि 'नवल'च्या जुन्या दिवाळी अंकांचा एक गठ्ठा पलंगाखाली. हा गठ्ठा काकूंनी दोनदा रद्दीत घातला आणि काकांनी दोनदा रद्दीवाल्याकडून विकत परत आणला. (टाकून दिली तरी घरी परत येते, हे झपाटलेल्या वस्तूचं पहिलं लक्षण. इथे ती किलोच्या भावाने येत होती, एवढाच फरक.) धारपांच्या 'समर्थां'विषयी काकांना अपार आदर आहे, पण आपण समर्थ आहोत असा दावा त्यांनी कधी केला नाही. समर्थ शेवटच्या प्रकरणात येऊन अमंगळाचा बंदोबस्त करतात. काकांचं कार्यक्षेत्र पहिल्या प्रकरणापुरतं. बंदोबस्त त्यांच्या खात्यात येत नाही.

त्यांचं खरं दैवत निराळंच आहे. डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्स यांची 'द मंकीज पॉ' ही 1902 सालची कथा त्यांना तोंडपाठ आहे. माकडाचा वाळलेला पंजा, तीन इच्छा पुरवणारा आणि पुरवता पुरवता घर उद्ध्वस्त करणारा. ज्याने ती वाचली त्याला शेवटी दारावर पडणारी थाप आठवते. काकांना आठवतो सार्जंट-मेजर मॉरिस. हिंदुस्थानातून पंजा आणणारा तो. स्वतःच्या हाताने तो पंजा शेकोटीत टाकतो, म्हातारे व्हाइट तो झडप घालून बाहेर काढतात, मॉरिस बजावतो की जळू दे, व्हाइट ऐकत नाहीत. मग मॉरिस पोटभर जेवतो, हिंदुस्थानातल्या आणखी चार गोष्टी सांगतो आणि शेवटची गाडी पकडून घरी जातो. "बघ," काका म्हणतात, "त्याने सांगितलं होतं. त्याच्यावर काही येत नाही." पुढे मी मूळ कथा वाचली तेव्हा कळलं की मॉरिस 'नको नको' म्हणत असताना व्हाइटनी त्या पंजाचे थोडे पैसे त्याच्या हातात कोंबले होते. हे कलम काका वाचून दाखवत नाहीत.

या विषयात त्यांचा देशाभिमानही जागा होतो. पंजा आपला. विल्की कॉलिन्सच्या 1868 सालच्या 'मूनस्टोन'मधला हिराही आपला, सोमनाथच्या मूर्तीच्या कपाळावरचा आणि श्रीरंगपट्टणच्या लढाईत लाटलेला. शापित म्हणून जगभर गाजलेला होप हिरा गोवळकोंड्याच्या मुलखातला. "दीडशे वर्षं साहेब आपल्याच मालावर घाबरतोय," हे वाक्य ते अशा थाटात म्हणतात की निर्यातीचा परवाना त्यांच्याच सहीने निघाला असावा. उलट दिशेने काही येत नाही का, असं विचारलं तर सत्यजित राय यांच्या 'फ्रिट्झ'चं नाव निघतं. स्वित्झर्लंडहून आणलेली बाहुली, बुंदीच्या सर्किट हाउसच्या आवारात पुरलेली. पण ही आयात किरकोळ, असं काकांचं मत.

होप हिऱ्याची गोष्ट सांगताना मात्र त्यांच्यातला भयकथाप्रेमी मागे सरतो आणि विमावाला पुढे येतो. 1958 साली न्यूयॉर्कचे जवाहिरे हॅरी विन्स्टन यांनी हा हिरा वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाला भेट दिला. पाठवला कसा? साध्या रजिस्टर्ड पोस्टाने, तपकिरी कागदात गुंडाळून. एकूण खर्च 145 डॉलर 29 सेंट. "त्यात टपाल किती? 2 डॉलर 44 सेंट," काका बोट वर करतात. "बाकी सगळा विमा! दहा लाख डॉलरचा. शाप असो वा नसो, हप्ता भरलेला बरा." शापाबद्दल एवढं समंजस वाक्य मी दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही.

भुतं वस्तूत का शिरायला लागली, याचीही त्यांची स्वतःची उपपत्ती आहे आणि ती मला बरीचशी पटते. मराठी भूत मुळात जागेला धरून राहणारं. मुंजा पिंपळावर, हडळ विहिरीपाशी, समंध पुरलेल्या धनावर पहारा करत, आणि चकवा तर थेट रस्त्यावरच. वस्तूच्या भानगडीत कुणी फारसं पडत नसे. मग पिंपळ तोडून टॉवर झाले, विहिरी बुजवून वर वाहनतळ आले. भुतांनी जावं कुठे? पुनर्विकासात मूळ रहिवाशाला जागा मिळते ती कागदपत्रं असली तर. तेव्हा राहता राहिलं फर्निचर. "तात्या विंचूचं काय झालं?" काका पुरावा देतात. "1993 साली महेश कोठाऱ्यांच्या 'झपाटलेला'त मेला तो कुठे गेला? पिंपळावर? नाही. बाहुल्यात शिरला. कारण जागाच नाही!"

आता प्रत्यक्ष कामगिरी. माझ्या चुलतभावाने, निखिलने, मुंबईच्या चोर बाजारातून लंबकाचं एक जुनं घड्याळ आणलं. शिसवी पेटी, वर लाकडी कंगोरा, तबकडीवर रोमन आकडे. काका संध्याकाळी आले. चश्मा बदलला. घड्याळाचं दार उघडून आत वाकले.

"वास येतोय."

"कसला, काका?"

"जुना."

मग पेटीच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेल्या तारखा सापडल्या. घड्याळजी दुरुस्ती केली की अशी खूण करून ठेवत. एकाखाली एक सहा-सात तारखा होत्या, शेवटची 1987 ची. काकांनी त्या तारखेवर बोट टेकवलं. "यानंतर कुणी का आणलं नाही दुरुस्तीला? काय झालं त्या घरात 1987 साली?"

"क्वार्ट्झची घड्याळं आली, काका."

काकांनी त्याच्याकडे, नायकाकडे बघावं तसं बघितलं. मग चालतंय का बघू म्हणून मोठा काटा बोटाने गरगर फिरवला, दार लावलं आणि म्हणाले, "मी आपलं सांगून ठेवतो."

पहाटे चार वाजता घड्याळाने नऊ ठोके दिले.

निखिलच्या बायकोने, मृणालने, ते मोजले आणि सकाळी सहज फोनवर सांगितले. अर्ध्या तासात काका दारात, आंघोळ न करता. चाराला नऊ! नवाला काय होणार? नऊ तारखेला? घरातल्या नवव्या माणसाला? घरात माणसं तीन, त्यामुळे तो धोका टळला. काकांचा चेहरा मी त्या दिवशी बघितला. इतक्या वर्षांत आरामखुर्च्या, आरसे, पितळी अडकित्ते, एक हार्मोनियम, कशाकशाबद्दल सांगून ठेवलं होतं, आणि एकाही वस्तूने शब्द पाळला नव्हता. आज पहिल्यांदाच दाव्याचे कागद पुरे होत होते. माणूस दहा वर्षांनी लहान दिसत होता.

मृणालने घड्याळजींना बोलावलं. सत्तरीचे गृहस्थ, भिंग डोळ्यातच चिकटलेलं. त्यांनी मागची बाजू उघडून एक खाचांचं चाक दाखवलं. खाचांमधलं अंतर वाढत जाणारं. आधी एक ठोका, मग दोन, असं बारापर्यंत मोजून पुन्हा एकपासून सुरू. "या चाकाला काटे कुठे आहेत ते दिसत नाही," ते म्हणाले. "ते आपलं ओळीने मोजत जातं. ठोके पुरे होऊ न देता कुणी काटा फिरवला की मोजणी सुटते, आणि मग घड्याळ चार दाखवतं, ठोके नऊ देतं." भिंग काढून त्यांनी सगळ्यांवर नजर फिरवली. "काट्याला बोट कुणी लावलं?"

सगळ्यांनी काकांकडे बघितलं.

"बघा," काका शांतपणे म्हणाले. "हात लावल्यावरच सुरू झालं."

या माणसाला हरवता येत नाही. लाकूड रात्री गारठ्याने आकसतं आणि करकरतं, हे तुम्ही त्यांना सांगा. "पण रात्रीच का?" असं ते विचारतील, आणि गारठा रात्रीच पडतो हे उत्तर त्यांना उडवाउडवीचं वाटेल.

एका वस्तूबद्दल मात्र त्यांनी कधीही काही सांगून ठेवलेलं नाही. काकूंचं शिवणयंत्र. काकूंच्या आईचं, पायाने चालवायचं, बिडाचं. काकूंना झोप नाही आली की मध्यरात्री त्या उठून खरडखरड उशांचे अभ्रे शिवतात. अंधारात आपोआप चालणारं यंत्र, मृत सासूची मालमत्ता, पायाशी पांढरं कापड! धारपांनी यावर कादंबरी लिहिली असती. मी एकदा काकांना तसं सुचवलं. त्यांनी स्वयंपाकघराकडे बघितलं, आवाज खाली आणला आणि म्हणाले, "ते चांगलं मशीन आहे."

शेवटी घड्याळ विकायचं ठरलं. झपाटलेलं होतं म्हणून नव्हे. दुरुस्त होऊन ते अचूक ठोके द्यायला लागलं आणि बारा तासांत अठ्ठ्याहत्तर टोल ऐकून तान्ह्या मुलाची झोप उडाली. निखिल मोबाईलवर जाहिरात टाकत होता. काका बाजूला येऊन बसले. सगळं खरं लिहायचं, काही दडवायचं नाही, नाहीतर उद्या घेणाऱ्याचं काही झालं तर? त्यांनी सांगितलं, निखिलने लिहिलं. शेवटची दुरुस्ती 1987. त्यानंतरची माहिती उपलब्ध नाही. पहाटे चार वाजता नऊ ठोके दिल्याचा प्रत्यक्ष अनुभव. घेणाऱ्याने स्वतःच्या जबाबदारीवर घ्यावे.

"काका, यानेच भाव वाढतो," निखिल म्हणाला. त्याने डिबक बॉक्सची हकिगत सांगितली. 2003 साली अमेरिकेत एकाने दारूच्या बाटल्या ठेवायचं छोटं कपाट ईबेवर विकायला काढलं आणि त्यात पिशाच्च आहे म्हणून लांबलचक कहाणी जोडली. कपाट गाजलं, हातोहात फिरलं, 2012 साली त्यावर 'द पझेशन' सिनेमा आला. 2021 मध्ये त्या माणसाने सांगून टाकलं की कहाणी माझ्या डोक्यातली. काकांना हे ऐकवेना. विक्रेत्याने खोटी माहिती द्यावी, आणि तीही स्वतःच्या मालाविरुद्ध? विम्यात असलं कधी पाहिलं नव्हतं.

पहिला फोन संध्याकाळच्या आत आला. रात्रीपर्यंत निखिलच्या फोनची बॅटरी संपली. आता फोन काकांच्या नंबरवर येतात आणि ते प्रत्येकाला जीव तोडून परावृत्त करतात. परवा मी गेलो तेव्हा ठाण्याचं एक जोडपं समोर बसलेलं, नव्या घराला 'व्हिंटेज लुक' द्यायचा होता. काकांनी सगळं सांगितलं. तारखा सांगितल्या, वास सांगितला, नऊ ठोके टेबलावर वाजवून दाखवले. शेवटी हात जोडले. "अहो, खरंच सांगतो, नेऊ नका."

मुलीने नवऱ्याकडे बघितलं, नवऱ्याने घड्याळाकडे.

"ठीक आहे काका," तो म्हणाला, "फायनल किती?"

काकांनी चश्मा काढून पुसला. "बारा हजार," ते म्हणाले, "आणि नऊचे ठोके ऐकायचे असतील तर पाचशे वेगळे."