पंधरा गुंजांचा दांडा

चंद्रपुरात हा माणूस ओळखायला सोपा आहे. तो एक तर वेकोलिच्या कोळसा खाणीतून निवृत्त झालेला फिटर असतो, नाहीतर औष्णिक वीज केंद्रातला इन्स्ट्रुमेंटवाला. गडचिरोलीकडे गेलात तर आयटीआयचा निदेशक. लग्नाच्या पंगतीत तो ताटाआधी मांडवाच्या बांबूकडे बघतो, टिचकी मारतो, कान लावतो आणि "हा नाही जमत जी" म्हणत पाटावर बसतो. घरी जुना रेकॉर्ड प्लेयर आहे आणि त्याचा टोनआर्म, म्हणजे सुई धरून तबकडीवर फिरणारा दांडा, तो स्वतः बनवतो आहे. बनवला, असं त्याच्या तोंडून अजून कोणी ऐकलेलं नाही.

कंपनीच्या दांड्यात काय वाईट होतं, हे त्याला विचारू नये. विचारलंत तर तो टेप काढतो. रेकॉर्ड कापणारं यंत्र कडेपासून मध्याकडे सरळ रेषेत सरकतं. वाजवणारा दांडा मात्र एका टोकाला खिळलेला, त्यामुळे तो कमानीत फिरतो आणि सुई खाचेत तिरपी बसते. स्वीडनच्या लोफग्रेनने १९३८ साली याचं गणित मांडलं. दांड्याचं डोकं नेमकं वाकवलं की चूक कमी होते, पण ती पूर्ण शून्य होते फक्त दोन ठिकाणी. आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या मापानुसार मध्यापासून सुमारे ६६ आणि १२१ मिलिमीटरवर. हे सगळं गॅस सिलिंडर घेऊन आलेल्या मुलालाही दारात उभं राहून ऐकावं लागलेलं आहे.

त्याचं खरं दुखणं तबकडीवरच्या शेवटच्या गाण्याचं. एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला ५१ सेंटिमीटर खाच जाते, आतल्या टोकाला जेमतेम २१. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला, त्यामुळे तिथे 'स' आणि 'श' फुसफुसतात. म्हणून दांड्याची परीक्षा कायम शेवटच्या गाण्याच्या शेवटच्या अंतऱ्यावर होते. घरातल्या नातवंडांना कितीतरी गाण्यांचा शेवट पाठ आहे. मुखडा रेडिओवर लागला तरच कळतो.

दांड्यासाठी बांबूच हवा, हा त्याचा हट्ट. बांबू हलका, ताठ आणि धातूसारखा झणझणत नाही, हे खरंच आहे. शिवाय विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत बांबूच्या तिकोनी सुया विकल्या जात, हेही तो ऐकवतो. गंमत अशी, की बांबूच्या या मुलखात त्याला हवा तो बांबू मिळत नाही. इथला मानवेल लाठीसाठी नावाजलेला. भिंत इतकी जाड की कधी कधी आत पोकळी नावालाच. आणि याला तर त्यातून चार तारा न्यायच्या असतात! बुरड त्याला दुरून पाहूनच म्हणतो, "काकाजी, पोकळ पाह्यजे तर पीव्हीसीचा पाइप घ्या ना." मग काकाजी चिचपल्लीच्या बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्रात जाऊन कीड न लागण्यासाठी बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचा उपचार समजून घेतात. परततात तेव्हा पिशवीत दोन पेरं असतात, बरोबर घरच्यांसाठी एक बांबूची फुलदाणी. पेरं जपून ठेवली जातात, फुलदाणीच्याही टिचक्या मारून होतात.

सुईचं डोकं सागाचं. अयोध्येच्या राममंदिराला इथला साग गेला, मग माझ्या लताबाईंना एक ढलपी नको का, असा त्याचा युक्तिवाद असतो. टेकू म्हणून बॉलपेनचं टोक, तारा फुटक्या इअरफोनमधल्या, मागचं वजन लेथवाल्याकडून फुकट कातून घेतलेलं पितळ.

एलपीच्या सुईवर भार दीड-दोन ग्रॅमच हवा. जुन्या चावीच्या ग्रामोफोनचं डोकं शंभरहून जास्त ग्रॅमचं होतं. ते एलपीवर ठेवणं म्हणजे सारवलेल्या अंगणात नांगर घालणं. काट्यासाठी तो सोनाराकडे जातो. काटा द्यायला सोनार तयार नसतो, म्हणून हा जंगलातल्या गुंजा खिशातून काढतो. एक गुंज साधारण सव्वाशे मिलिग्रॅमची, पंधरा गुंजा म्हणजे १.८ ग्रॅमच्या आसपास. मग घरी पट्टीचा तराजू करून सुई गुंजांनी तोलली जाते. त्यातली एखादी पलंगाखाली गेली की सगळं घर ओणवं होतं. गुंज विषारी, घरात रांगतं मूल, त्यामुळे ती सापडेपर्यंत कोणी उठत नाही.

आवाज सुधारतो का? सुधारतो, हे मान्य करायला हवं. अर्थात त्यातलं निम्मं श्रेय नव्या सुईचं असतं, आणि ती बाजारातून आणलेली असते. हे त्याच्यासमोर बोलायची सोय नाही.

अख्खी रेकॉर्ड ऐकायला या, असं निमंत्रण त्याने सगळ्यांना दिलेलं आहे. मुहूर्त तेवढा लागत नाही. उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर. तबकड्या वाकतील म्हणून त्या कूलरच्या खोलीत कपाटबंद. पावसाळ्यात बांबू दमट होऊन वजन बदलतं, गुंजांचा हिशेब पुन्हा पहिल्यापासून. दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम, तेव्हा बारीक झाळकाम करणारा साउंडवाला नाटकांसाठी वडशात अडकलेला. उरतात होळीच्या आगेमागेचे दिवस.

"तवा पोरांच्या परीक्षा असतात जी," वहिनी आतून सांगतात.